फोटोखालची ओळ

माझी मावशी कवळ्या बनवते. दंतवैद्य दात काढतात, हिरड्यांचा ठसा घेतात आणि पुढचं सगळं काम तिच्याकडे येतं. रस्त्याला लागून असलेल्या तिच्या खोलीत प्लास्टरची पांढरी भुकटी सगळीकडे बसलेली असते. खिडकीच्या कडेवर, रेडिओवर, तिच्या भुवयांवरसुद्धा. नवे दात माणसाच्या चेहऱ्याला शोभले पाहिजेत, म्हणून जुने काढायच्या आधीच त्याला बोलावून हसतानाचा फोटो घ्यायची पद्धत तिनं सुरू केली आणि त्यासाठी कॅमेरा घेतला. मग येता-जाता रस्त्याचेही फोटो काढायला लागली. शिकायला कुठे गेली नाही. कुणी शिकवलं असतं तर तिनं ऐकलंही नसतं.

तिच्या फोटोंत विशेष काही घडत नाही. सकाळी दुकानाची पायरी धुणारा दुकानदार. दवाखान्याच्या बाकावर आजोबा, मुलगा आणि नातू, तिघांचेही हात सारखेच मांडीवर. दोरीवर वाळत घातलेले एकाच घराचे मोजे, मोठ्यापासून लहानापर्यंत. फोटो कापायचा नाही, उजळ करायचा नाही, हा तिचा नियम. दिवसभर मी घासते आणि कापते, निदान फोटोला तरी हात लावणार नाही, असं म्हणते.

खोलीच्या दर्शनी बाजूला काचेचं एक कपाट आहे. पूर्वी त्यात नमुन्याच्या कवळ्या मांडलेल्या असत आणि लहान मुलं त्यांना घाबरत. मावशीनं त्या काढून तिथे आपले फोटो लावायला सुरुवात केली, आणि प्रत्येक फोटोखाली जाड पेनानं एक ओळ. भांडण जे काही झालं ते या ओळींवरून.

कारण मावशी राजकारणात जुन्या मतांची, आणि ती लपवायची नाही. सरकारनं माणसाच्या घरात कमीत कमी डोकवावं, फुकट दिलेल्या वस्तूला कुणी जपत नाही, पोरांना धाक हवा, पोलिसांना पाठिंबा हवा, आणि चालू असलेली गोष्ट मोडण्याआधी ती कुणी आणि का बांधली होती ते विचारावं. पायरी धुणाऱ्या दुकानदाराखाली तिनं लिहिलं होतं, ‘याला कुणी सांगावं लागलं नाही.’ आमच्या रस्त्याचं नाव बदललं तेव्हा नव्या पाटीचा फोटो लावून खाली लिहिलं, ‘पाटी नवी, खड्डा तोच.’ बसथांब्याच्या मोडक्या बाकाखाली लिहिलं, ‘सगळ्यांचं होतं, म्हणून कुणाचंच नव्हतं.’

मी तिच्याकडेच राहते. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते आणि मत नेमकं विरुद्ध पक्षाला देते. जेवताना आमची रोज जुंपते. ती अशी का झाली असेल याचं कारण मी बरीच वर्षं शोधत होते. लहानपणी काही सोसलं असेल, कुणी फसवलं असेल. एकदा तिला तसं विचारलंही. तिनं ताटातून मान वर न करता उत्तर दिलं.

“तुझ्या मतांना कारण लागत नाही, ती आपोआप शहाणी. माझ्याच मतांना तेवढा आजार झालेला असतो, होय ना?”

त्यानंतर मी तो प्रश्न सोडून दिला.

लोक थांबून ओळी वाचत. काही हसत, काही तोंड वाकडं करून पुढे जात. एकदा कुणीतरी काचेवर चिठ्ठी चिकटवली, ‘म्हातारे, काळ बदललाय.’ मावशीनं त्या चिठ्ठीचा फोटो काढला, कपाटात लावला आणि खाली लिहिलं, ‘बदललाय. म्हणूनच बोलते.’

मग सफाई कामगारांचा संप सुरू झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग साचला. दाराला कड्या लावून बसलो तरी वास आत यायचाच. मावशीचं डोकं तापलं. मागण्या बरोबर असतील, पण शहराला वेठीला धरायचा हक्क कुणी दिला, हे तिचं म्हणणं. पालिकेनं आधी ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, हे माझं. एक दिवस ती कॅमेरा घेऊन तडक ढिगापाशी गेली.

तिथे आमच्या गल्लीची झाडलोट करणारी बाई बसली होती. सगळे तिला मुकादमीण म्हणतात. ती मुकादम नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला कचरा कुठे टाकायचा ते दरडावून सांगते, म्हणून हे नाव पडलं. संपाचा फलक भिंतीला टेकवून ती उपड्या बादलीवर बसली होती आणि पायाशी बसलेल्या मुलीचे केस विंचरत होती. मावशीनं फोटो काढला. डावीकडे ढीग, उजवीकडे मायलेकी. खाली ओळ लिहिली, ‘संप त्यांचा, वास आमचा.’

दुसऱ्या दिवशी मुकादमीण खोलीत आली. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. तिनं मावशीला विचारलं की बाई, वास तुम्हाला आत्ता आला, आम्हाला रोज येतो, तेव्हा तुमचा कॅमेरा कुठे असतो. मावशी म्हणाली की प्रश्न रास्त आहे, पण ओळ काढणार नाही. दोघी बराच वेळ तावातावानं बोलल्या. शेवटी मुकादमीण निघाली, दारात थबकली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली की फोटो मात्र चांगला आलाय, मुलीबरोबरचा असा एकही फोटो माझ्याकडे नाही. मावशीनं लगेच एक प्रत काढून दिली, खाली काहीही न लिहिता.

मी तिला टोचलंच. ओळीशिवाय कसा काय दिलास?

“तिच्या घरात टांगायला दिलाय. तिच्या भिंतीवर माझं मत कशाला?” मावशी म्हणाली आणि कवळीसाठी मेण तापवायला लागली.

त्याच सुमाराला मी एक उपद्व्याप करून ठेवला. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ दरवर्षी प्रदर्शन भरवतं. मंडळाच्या चिटणिसांना मी मावशीचे फोटो दाखवले होते आणि ते हरखून गेले होते. एक संपूर्ण भिंत द्यायला तयार झाले. खोलीत येऊन त्यांनी मावशीच्या नजरेचं खूप कौतुक केलं, चहा घेतला, आणि मग हळूच सांगितलं की फक्त त्या ओळी नकोत. फोटो इतके बोलके आहेत की ओळींची गरजच नाही. शिवाय लोकांना त्या चिथावणीखोर वाटतील.

मावशीनं हातातली कवळी खाली ठेवली. “म्हणजे माझे डोळे चालतात, तोंड चालत नाही.”

चिटणीस म्हणाले, तसं नाही. मावशी म्हणाली, तसंच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, सभागृह तुमचं आहे, तुम्ही ठरवा. पण माझ्या फोटोंवरून माझं मत खरवडून काढलं की जी कुणी गोड म्हातारी भिंतीवर उरेल, तिला मी ओळखत नाही. त्यांना आणखी एक कप चहा देऊन तिनं दारापर्यंत सोडलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. इतकी वर्षं काढलेले फोटो लोकांनी पाहावेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि एका ओळीपायी ही बाई अडून बसली होती.

याच्यानंतर आला मामा, तिचा धाकटा भाऊ. तो मावशीच्याच आवडत्या पक्षाचा आमच्या भागातला कार्यकर्ता. निवडणूक तोंडावर आली होती. त्याला संपाचा फोटो हवा होता, ओळीसकट. ताई, तुझ्यासारखं नेमकं बोलता येत नाही आम्हाला, असं म्हणाला. मावशी खूश झाली. लपवत होती, पण झाली. कापायचा नाही, ओळ बदलायची नाही, एवढं बजावून तिनं फोटो दिला. मामानं मान डोलावली.

आठवड्याभरात भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली. कामावर जाताना मला पहिलं दिसलं आणि मी तिथेच उभी राहिले. फोटोतली मुलगी कापून टाकलेली होती. फणीचा हातही कापलेला. उरली होती कचऱ्याशेजारी बादलीवर आरामात बसलेली, मान खाली घातलेली एक बाई, जणू डुलकी काढणारी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कामचुकारांना घरी बसवा.’

मी परत फिरले आणि मावशीला घेऊन आले. ती पोस्टरासमोर उभी राहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात बाजूनं जाणारा एक सायकलवाला पोस्टराकडे बोट दाखवून सोबत्याला म्हणाला, ही आमच्या गल्लीतली, बघ कशी झोपलीय. ते ऐकल्यावर मावशी तडक मागे वळली.

ती खोलीत गेली. मूळ फोटो मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत गेली. मी मागोमाग. आत बैठक चालू होती. टेबलाशी उमेदवार, बाजूला मामा, भोवती खुर्च्यांवर कार्यकर्ते. मावशीनं पुठ्ठा टेबलावर उभा केला आणि तिथे पडलेल्या पोस्टरांपैकी एक त्याच्याशेजारी धरलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

मामा कसंनुसं हसला. “ताई, मत तर आपलंच आहे ना?”

“मत माझं होतं. खोटं तुमचं आहे,” मावशी म्हणाली. “संप चुकीचा आहे हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. ती झोपली होती असं मी कधी म्हटलं?”

उमेदवारानं सौम्य आवाजात सांगितलं की आता हा विषय काढला तर फायदा समोरच्यांचा होईल, निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू. मावशी म्हणाली की घर जपा, घराची अब्रू जपा, हे मी तुमच्याच सभांमधून ऐकत आले. आईच्या पायाशी बसलेली पोर कापून टाकणाऱ्यांनी मला कुटुंब शिकवू नये. पोस्टरं उतरवा, नाहीतर मी माझ्या पद्धतीनं बघते. एकजण मागून पुटपुटला की बाई तिकडच्यांना सामील झालेली दिसते. मावशी त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, तू रांगायला लागला नव्हतास तेव्हापासून मी या पक्षाला मत देते, मला दार दाखवू नकोस.

पोस्टरं काही उतरली नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशीनं बादलीत खळ कालवली. मूळ फोटोच्या प्रती तिनं काढून आणल्या होत्या. प्रत्येक पोस्टराशेजारी एक पूर्ण फोटो लावायचा, एवढाच बेत. मी ब्रश घेतला. आणि मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक प्रतीखाली तिची ती ओळ जशीच्या तशी होती. मी म्हटलं, मावशी, आज तरी काढ गं. मुकादमिणीला लोक रस्त्यावर हिणवतायत, तिला काय वाटेल?

“तिला काय वाटेल ते तिला माहीत आहे. मी आज ओळ काढली तर कालपर्यंत मी खोटं बोलत होते असा अर्थ होईल.”

तिसऱ्या की चौथ्या भिंतीपाशी मुकादमीण आली. ऐकून आली होती. थोडा वेळ रस्त्यापलीकडून पाहत राहिली, मग जवळ येऊन फोटो नीट बघितला. मुलगी, फणी, फलक, सगळं जागच्या जागी होतं.

“ओळ तीच ठेवलीत,” ती म्हणाली.

“ठेवली. माझं मत बदललेलं नाही.”

“माझंही नाही.”

मुकादमिणीनं फोटोचा सुटलेला कोपरा तळहातानं दाबून बसवला, वाकडं लावलंय म्हणून माझ्यावर खेकसली आणि पुढच्या भिंतीकडे बादली स्वतः उचलून घेतली. दोघी वाटेनं पगार, पालिका आणि संप यांवरून भांडत होत्या. मी मागून ब्रश घेऊन चालत होते आणि मला एक अक्षरही बोलायला वाव मिळत नव्हता.

त्याच आठवड्यात कपाटाची काच कुणीतरी दगड मारून फोडली. या बाजूच्यांनी की त्या बाजूच्यांनी, ते कळलं नाही, आणि दोघांनाही कारण होतं. मावशीनं तुकडे झाडून काढले, संपाचा फोटो तसाच उघड्यावर ठेवला आणि जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, ‘काच होती तेव्हा ऊन चमकायचं. आता वाचायला सोपं.’

संप मिटला, पगार थोडे वाढले, कचरा उचलला गेला. निवडणुकीत तोच उमेदवार निवडून आला. मावशीनं मत त्यालाच दिलं, आणि हे तिनं मला मतदानाहून परत येताच सांगितलं. माझा संताप झाला. तुला एवढं फसवलं, तरीही? ती चपला काढता काढता म्हणाली की ते दोघे-चौघे लबाड निघाले म्हणून मी मतं बदलू? लबाड तुमच्याकडे नाहीत का? मग मतदारसंघातली पहिली तक्रार म्हणून तिनं त्याच उमेदवाराकडे मुकादमिणीची माफी मागा असा अर्ज दिला. माफी आली नाही. दर महिन्याला ती जाऊन विचारते. तिला पाहिलं की त्याचा सचिव उठून आत जातो.

मामा वर्षभर आमच्याकडे फिरकला नाही. एका दंतवैद्यानं, जो पक्षाचा होता, काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. मावशीनं रेडिओ जरा मोठ्यानं लावला एवढंच.

मामाचे पुढचे दात काढावे लागले तेव्हा तो आधी दुसऱ्या कारागिराकडे गेला. ती कवळी टोचायची. शेवटी एका दुपारी तो येऊन खुर्चीत बसला, भिंतीकडे बघत. घरच्या माणसांचा ठसा मावशी स्वतःच घेते. तिनं हात धुतले, दिवा जवळ ओढला.

“बोलायचं नसेल तर बोलू नकोस,” ती म्हणाली. “तोंड तेवढं उघड.”

त्यानं उघडलं. तिनं ठशाचा लगदा भरलेली पट्टी त्याच्या तोंडात बसवली, आणि ठसा घट्ट होईपर्यंत, मामाला काही बोलता येत नव्हतं तेवढ्या वेळात, पोस्टराबद्दल जे काही सांगायचं राहिलं होतं ते सगळं त्याला ऐकवलं.