मागचा डावा स्पीकर

निवृत्त झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे सराउंड साउंडचा संच. तो बसवायला दुकानाचा माणूस येणार होता, पण अण्णांनी त्याला फोनवरच नको म्हणून सांगितलं. त्यांनी जन्मभर कारखान्यात वायरिंग पाहिलेलं. आपल्याच हॉलमध्ये दुसऱ्याने येऊन वायर ओढायची, हे त्यांना पटणारं नव्हतं. मदतीला मी होते. मला ते काम आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. वायरचं टोक सोलायचं, लाल लालमध्ये, काळं काळ्यामध्ये.

"हॉलचं थिएटर केलंत," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आता दाराशी तिकिटं फाडायला मी बसू का?"

"बस की. आधी स्वल्प कॉफी दे."

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक, खाली मधला, आणि सोफ्याच्या जरा मागे, डावी-उजवीकडे एकेक. असे पाच स्पीकर लागले. शेवटी डब्यातून एक छोटा माइक निघाला. माणूस जिथे बसणार, तिथे त्याच्या कानाच्या उंचीवर तो उभा करायचा, आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. मग यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं आणि माइक ऐकतो. आम्ही तो अण्णांच्या जागेवर, सोफ्याच्या मध्यावर ठेवला. गप्प बसणं आमच्या घरात कुणाला जड जात नाही. आवाज खोलीभर फिरला आणि पडद्यावर आलं, पाचही ठीक.

अण्णांनी माइक उचलून बाजूला ठेवला. "यंत्राचं झालं. आता माणसाला ऐकू दे."

मी रिमोटवरून चाचणीचा आवाज लावला. नळातून हवा यावी तशी नुसती सरसर, एकामागून एका स्पीकरमधून. अण्णा मान हलवत होते. डावा, मधला, उजवा, मागचा उजवा. मग मागच्या डाव्यावर मान थांबली.

"हा दबलाय. पलीकडच्या खोलीत वाजतोय असं वाटतं."

मी त्या स्पीकरच्या जवळच उभी होते. मला तो बाकीच्यांइतकाच मोठा ऐकू येत होता. पण अण्णांना चूक काढून दाखवायची सवय मला नाही. वायर तपासली. टोक पुन्हा सोललं. शेवटी अण्णांनी मागचे दोन्ही स्पीकर काढले आणि अदलाबदल करून लावले. उजवीकडचा चांगला स्पीकर डाव्या कोपऱ्यात गेला आणि अण्णांच्या मते तोही दबला.

आई कॉफी घेऊन आली होती. "त्या कोपऱ्यातच काहीतरी आहे," ती म्हणाली. "घर घेतलं तेव्हाच गुरुजींनी सांगितलं होतं, तिथे शांती करून घ्या म्हणून. तुम्ही हसलात."

अण्णा वास्तूवरून आईला नेहमी चिडवतात. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "असेल."

मी रिमोट पुन्हा हातात घेतला.

आई आत गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, स्वल्प उलटं बसता का? तोंड भिंतीकडे करून."

"कशाला?"

"असंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण विचारून घेतल्याशिवाय ते कधी काही करत नाहीत, पण उठले आणि सोफ्यावर गुडघे टेकून भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्याच कोपऱ्यातला स्पीकर वाजवला. तो आता त्यांच्या उजव्या हाताला होता.

"हा छान येतोय," ते म्हणाले. मी दुसरा लावला. तो आता त्यांच्या डाव्या हाताला होता.

"आता हा दबला."

मी आवाज बंद केला. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"कधीपासून?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आत शिट्टी वाजत राहते. परवा स्कूटरवर डावीकडून आलेली बस कळली नाही मला. आईला बोलू नको." मग ते म्हणाले, "दादाचंही कानापासूनच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे माझे मोठे काका. शेवटी शेवटी ते भिंतीला हात लावून चालायचे. त्यांच्या डोक्यात जे वाढत होतं, त्याला आमच्या घरात नाव नाही. सगळे त्याला 'ते' म्हणतात. 'ते' झालं, 'ते' काढलं, 'ते' परत आलं. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला त्याचं नाव माहीत आहे, स्पेलिंगही. काका गेल्यापासून अण्णांनी ते नाव एकदाही उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

ते वळून सरळ बसले. "रिमोट तुझ्याकडेच आहे ना? मागचा डावा वाढव. सगळं सारखं होईल."

"स्पीकर ठीक आहेत अण्णा."

"सरी, असतील ठीक. वाढव तरी."

मी वाढवला. एक खूण, दोन, तीन. सरसर इतकी मोठी झाली की मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. अण्णा मान हलवत होते. "आता बरोबर," ते म्हणाले, अगदी समाधानाने. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, काय लावलंय हे? कान फाटतील!"

अण्णांनी मान वळवली नाही. त्यांना फक्त स्पीकर ऐकू येत होता.

मी टीव्हीसकट सगळं बंद केलं. फोनवर बोलणं मला जमत नाही. जेवण मागवायचं असलं तरी मी ॲप वापरते, आणि डिलिव्हरीवाल्याचा फोन आला तर आईच्या हातात देते. मी कानाच्या दवाखान्याचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, पेशंट कोण, तक्रार काय, घरात आधी कुणाला काही होतं का.

"माझे वडील," मी इंग्रजीत म्हटलं. मग काकांच्या आजाराचं नाव घेतलं, हॉलमध्ये उभं राहून, मोठ्याने. बाईला स्पेलिंग हवं होतं. मी एकेक अक्षर सांगितलं.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पळी तशीच होती. ती माझ्याकडे नाही, अण्णांकडे पाहत होती. अण्णांनी हळूच मान कलती केली आणि ऐकू येणारा उजवा कान सोफ्याच्या पाठीत दाबून धरला.