सीमाभागाचा माझा अभ्यास

माझ्या गाढवपणाची यादी मोठी आहे. पण त्यातला एक असा, की त्याच्यावर आज माझं घर चालतं. चहा घ्या, सांगतो.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचा. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं आणि प्रकल्पाचा विषय मिळाला, 'सीमाभागातील लोकजीवन'. हिंगोली जिल्हा संपून वाशिम सुरू होतो, तिथलं आपल्या बाजूचं गाव बघायचं. वीस घरं, वीस फॉर्म. सर कडक. फॉर्म चुकले की वर्ष गेलं.

साखरा गावाकडून शेताशेतानं निघालो. वाटेत नाला लागला. बूट हातात घेऊन पार केला आणि पुढच्या वस्तीत शिरलो.

पहिलंच घर रुक्माबाईचं. सत्तरीची म्हातारी, अंगणात मेंढरं.

"मावशी, आपण सीमेवर राहतो असं तुम्हाला जाणवतं का?"

"मले नाई समजत बापू. तू जेवला का?"

मी फॉर्मवर लिहिलं, 'बोलीवर वऱ्हाडीचा मोठा प्रभाव.'

तिनं भाकर-ठेचा वाढला आणि मग स्वतःच मला घरोघर नेलं. "शिकेल पोरगं हाय, सांगा त्याले." मी लिहीत सुटलो. प्रभाव, प्रभाव, प्रभाव. सतराव्या घरी तरी शंका यायला पाहिजे होती की नाही? उलट मी खूश. एवढा प्रभाव कुणाच्याच प्रकल्पात नव्हता.

विसाव्या घरचे आजोबा म्हणाले, "सायब, आमच्या रस्त्याचं बी लिवा. कागद वाशिमले द्या."

"वाशिमला काहून? हिंगोलीला देतो ना."

"हिंगोलीले कायले? हिंगोली त नाल्यापल्याड रायली."

मी ओसरीवर मटकन बसलो. रुक्माबाईला वाटलं, ऊन लागलं. तिनं ताक दिलं. खरं कळल्यावर म्हणाली, "त्यात काय एवढं? माही लेक तिकडंच देल्ली हाय. चाल."

पदर खोचून ती पाण्यात शिरली, मी मागून. नाल्याअलीकडं, म्हणजे हिंगोलीच्या बाजूला, तिची लेक, लेकीची नणंद, दोन भाचे, निम्मं गाव सोयरं. मी त्यांना प्रश्न विचारायचो, उत्तरं रुक्माबाई द्यायची आणि ते मान डोलवायचे. दिवस मावळायच्या आत वहीच्या कागदांवर नवे वीस फॉर्म झाले. एसटी येईपर्यंत ती फाट्यावर थांबली. गाडी हलली तरी सांगत होती, "जेवत जाय बराबर."

आता ती नाही. नाल्यावर पूल झालाय, कुणाला बूट काढावे लागत नाहीत.

तर तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष तिथं गेल्यावर सीमा कशी जाणवली?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. म्हटलं, "सर, जाणवलीच नाही."

ते आमच्या सरांकडं वळून म्हणाले, "याला म्हणतात निरीक्षण."

मी पहिला आलो. आज कॉलेजात शिकवतो. दरवर्षी वर्गात गंभीर आवाजात सांगतो की सीमा कागदावर असते, माणसाला ती जाणवत नाही. पोरं ते वहीत उतरवून घेतात.

मी रस्ता चुकलो होतो, हे त्यातल्या एकालाही अजून सांगितलेलं नाही.