चूक घरातच संपवायची

रमजानच्या आधीचे दोन महिने आमच्या घरी सकाळी साडेसहा ते आठ कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता. अब्बा पहाटेची नमाज पढवून मशिदीतून यायचे, ओसरीवरच्या तख्तावर बसायचे आणि डोळे मिटून कुराण म्हणायला लागायचे. मी समोर बसायचे. लाकडी रेहलवर माझ्यापुढे कुराण उघडं आणि माझं बोट ओळीवर. त्यांनी तोंडपाठ म्हणायचं, मी बघायचं. चुकले की मी नखानं रेहलवर टक् करून वाजवायचे. एकदा वाजवलं म्हणजे मागे जा आणि स्वतः शोधा. दोनदा वाजवलं म्हणजे राहू द्या, मी सांगते. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मधली सासरची चार वर्षं सोडली, तर पंचेचाळिशीपर्यंत ते माझ्याकडेच राहिलं. अब्बा मला थानेदारीण म्हणायचे, आणि मी होतेही तशीच. जिभेला हाड नाही म्हणून सासरहून परत आले, पण या एका कामात माझ्या स्वभावाचं चीज झालं होतं.

रमजानात रात्रीच्या नमाजेला जोडून तरावीहची नमाज असते. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग असतात; तिच्यात रोज सव्वा पारा असं करत महिना संपायच्या आत अख्खं कुराण तोंडपाठ ऐकवतात. शहरात पढवणाऱ्याच्या मागे दुसरा हाफिज, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेला माणूस, उभा असतो, चूक झाली की तो तिथेच टोकतो. आमचं गाव कुरुंद्याच्या पुढे, मुसलमानांची घरं पंचवीस-तीस आणि हाफिज एकच. मागून टोकणारं कुणी नाही. माझी नजर पक्की होती, पण बाई नमाजेला पुरुषांच्या रांगेत उभी राहत नाही, आणि कुराण बंद केलं तर मलाही फारसं येत नव्हतं. म्हणून अब्बांनी तरुणपणीच एक रीत घालून घेतली. चूक घरातच संपवायची, मशिदीत न्यायची नाही. मागे उभ्या राहिलेल्या माणसांची नमाज आपल्या भरवशावर असते, असं ते म्हणायचे.

त्यांचा धंदा गाद्या भरायचा. कापूस पिंजता पिंजता ते म्हणत राहायचे, त्यामुळे आमच्या गावात अनेकांच्या गाद्यांमध्ये अर्धं कुराण भरलेलं आहे, असा त्यांचा विनोद होता. पुढे फोमच्या गाद्या आल्या, धंदा बसला. त्याचं त्यांना फार दुःख झालं नाही. मशीद होती, रमजान होता. वर्षातले अकरा महिने ते गावातले एक साधे म्हातारे असायचे आणि बाराव्या महिन्यात सगळं गाव त्यांच्या मागे उभं राहायचं.

गेल्या दोन वर्षांत ते विसरायला लागले. जेवले की नाही ते विसरायचे, चप्पल कुठे काढली ते विसरायचे. नांदेडच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे आता वाढतच जाईल. मी विचारलं, यांना लहानपणापासून पाठ आहे, त्याचं काय? तो म्हणाला, लहानपणचं सगळ्यात शेवटी जातं. मी ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. चप्पल विसरू देत, जेवण विसरू देत, मला त्याचं काही वाटलं नाही. मागच्या रमजानात त्यांनी पूर्ण कुराण ऐकवलं, चार-दोन ठिकाणी अडखळले, लोकांना कळलंही नाही.

यंदा रमजान हळदीच्या काढणीत आला. सगळ्या शिवारात हळद शिजत होती, ओसरीपर्यंत तो उग्र वास यायचा. त्याच्या दोन महिने आधी रजबचा चांद दिसला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. पहिल्याच पाऱ्यात अब्बा घसरले. मूसा पैगंबरांनी काठी दगडावर मारली आणि बारा झरे फुटले, ही गोष्ट पहिल्या पाऱ्यात आहे आणि जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा नवव्या पाऱ्यात आहे. हाफिजांच्या वाटेवर असे फाटे पुष्कळ असतात, आणि अब्बा ते सगळे ओळखून होते. त्या दिवशी ते काठी मारेपर्यंत पहिल्या पाऱ्यात होते आणि झरे फुटले ते नवव्यात. मी एकदा वाजवलं. ते मागे गेले, पुन्हा काठी मारली, पुन्हा नवव्यात. मी दोनदा वाजवलं आणि शब्द सांगितला. त्यांनी हसून मान हलवली. मीही हसले.

मग ते रोजचंच झालं. एका पाऱ्यात दहा वेळा, वीस वेळा. माझं नख दुखायला लागलं. अब्बा म्हणता म्हणता डोळे उघडून माझ्या बोटाकडे बघायला लागले, मार खाणारं लेकरू मास्तरच्या छडीकडे बघतं तसे. लहानपणी त्यांच्या उस्तादांनी त्यांच्या मनात भीती घातली होती, की पाठ केलेलं जो विसरेल त्याला वरती जाब द्यावा लागेल. मी म्हटलं, अब्बा, हा आजार आहे, आजाराचा गुन्हा नसतो. ते हो म्हणाले. पण त्यांचा चेहरा हो म्हणत नव्हता.

एके दिवशी त्यांच्या कपाळावर घाम आला, थंडीच्या दिवसांत. आवाज कापायला लागला. ते पुन्हा चुकले आणि माझं बोट उचललं गेलं, पण मी ते खाली आणलं नाही. चूक जाऊ दिली. टक् झालं नाही म्हणून ते पुढे गेले, आणखी पुढे गेले, आवाज मोकळा झाला आणि पूर्ण पान त्यांनी जुन्या दिवसांसारखं सुंदर म्हटलं. ते पान त्या जागेचं नव्हतं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, बराबर? मी म्हटलं, बराबर.

पस्तीस वर्षांत मी पहिल्यांदा खोटं बोलले. पहिल्या खोट्याला छाती लागते, दुसऱ्याला काहीच लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती मूठ झाकून बसले. अजिबात वाजवलं नाही तर त्यांना शंका येईल, म्हणून पाऱ्यात तीन-चारदा वाजवायचे, तेही सोप्या ठिकाणी, जिथे त्यांना लगेच सापडेल. अब्बा खुलले. भूक वाढली. मशिदीतून येताना कुणाशी तरी थट्टा करून यायचे. मी हरभऱ्याची डाळ दळून आणली, मिरच्या कुटून आणल्या, दर घरानं मशिदीच्या दोन चटया धुवायच्या असतात, त्या धुतल्या, आणि मला वाटत राहिलं की मी बापाची सेवा करते आहे. आज ते आठवलं की मला माझा राग येतो.

रमजानच्या पंधरा दिवस आधी शबे-बरात येते, घरोघरी हलवा होतो. तिच्या दुसऱ्या दिवशी मशिदीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आले. त्यांचं गावात किराणा दुकान आहे, माणूस सरळ आहे. हलवा खाता खाता त्यांनी अडखळत विषय काढला. हाफिजसाहेबांची तब्येत बरी नसते असं कानावर आलं, जर जमणार नसेल तर वसमतच्या मदरशातून एखादा तरुण हाफिज मागवता येईल. फक्त लवकर सांगायला हवं, कारण या आठवड्यात सगळे हाफिज गावोगाव वाटले जातात. अब्बांनी हलव्याची बशी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. माझ्याकडे हात करून म्हणाले, मला काय विचारता, हिला विचारा, ऐकणारी ही आहे. सदर माझ्याकडे बघायला लागले, अब्बाही बघायला लागले, आणि अब्बांच्या नजरेत इतका विश्वास होता की मला दुसरं काही बोलताच आलं नाही. मी म्हटलं, अब्बांचं बराबर चालू आहे. सदर सुटल्यासारखे उठले आणि दुसऱ्या घरचा हलवा खायला गेले.

आमच्या शेजारचे काका हळदीचे शेतकरी. रजब-शाबान या दोन महिन्यांत शेतावर जायच्या आधी ते आमच्या ओसरीच्या पायरीवर बसून चहा घेतात, माझ्या लहानपणापासून. त्यांना अरबीचं एक अक्षर कळत नाही, पण अब्बांचा आवाज ऐकला की दिवस चांगला जातो, असं त्यांचं म्हणणं. रमजानला आठ दिवस राहिले होते. अब्बा कुराणातली रहमान नावाची सूरत, म्हणजे अध्याय, म्हणत होते. तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, एकतीस वेळा, आणि प्रत्येक वेळी तिच्यानंतर नवं काही येतं. अब्बा त्या ओळीवर यायचे आणि नवं आठवायचं नाही, म्हणून मागचंच घेऊन पुन्हा त्या ओळीवर यायचे. मी गप्प बसून होते. काकांनी कप खाली ठेवला, अब्बा पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मला हळूच म्हणाले, "पोरी, हाफिजसाब तितंच काहून फिरून राहिले?"

मी म्हटलं, काका, ती सूरत तशीच आहे, तिच्यात तेच तेच येतं.

"मले माहीत न्हाई का ते? तीस वर्सं झाले ऐकून राहिलो. माहा चहा सरतो तवर ती सरती. आज चहा सरून गार झाला."

त्यांच्या हाताला हळद लागलेली होती, ते उठून गेले तेव्हा पायरीवर तिचा पिवळा डाग राहिला. मी तो पुसत बसले. ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं त्यांना जे कळलं, ते मी महिनाभर कुराण समोर ठेवून लपवत होते. मशिदीत मागे शंभर माणसं उभी राहिली असती, त्यांच्यातल्या एकालाही कळलं नसतं असं मी का धरून चालले होते, देव जाणे. आणि कळलं नसतं, तरी काय? ती सगळी माणसं अब्बांच्या भरवशावर उभी आणि अब्बा माझ्या.

दुसऱ्या सकाळी मी सदरांच्या दुकानात गेले. दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. त्यांनी डायरीतून नंबर काढले. गल्ल्याजवळ उभं राहूनच वसमतला फोन लावला, मग हिंगोलीला, मग कळमनुरीला, मग बाळापूरला कुणा नातेवाइकाला. सगळीकडून एकच उत्तर आलं, हाफिज गेले. कुणी लातूरकडे, कुणी तेलंगणात, शबे-बरातच्या आठवड्यातच. वरातीमागून घोडं नेऊन आता काय उपयोग होता. फोन ठेवून सदर खजुरांच्या पेटीकडे वळले आणि खजूर पिशव्यांत भरायला लागले. भरता भरता म्हणाले, यंदा कुराणातल्या शेवटच्या लहान लहान सुरतींवर तरावीह उरकू, ती कुणीही पढवील, नमाज होते तशानंही. मग म्हणाले की त्यांच्या आठवणीत या गावात पूर्ण कुराण झालं नाही असा रमजान नाही. ते मला टोचावं म्हणून बोलले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

हाफिजसाहेबांना मी सांगतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नको, मी सांगेन. दिवसभर मला जमलं नाही. अब्बांनी त्या दिवशी माझ्याकडून टोपी धुवून घेतली, अत्तराची बाटली शोधून ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजेनंतर सदर स्वतःच त्यांच्याबरोबर घरी आले आणि तख्तावर बसून फार अदबीनं त्यांनी सगळं सांगितलं. तब्येतीचं सांगितलं, लोकांच्या नमाजेचं सांगितलं, आणि माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. अब्बा शांतपणे ऐकत होते. एकच गोष्ट त्यांना पटेना. ते म्हणाले, पण मी चुकत नाही, चुकलो असतो तर हिनं टोकलं असतं.

सदर खाली बघायला लागले. मला बोलावं लागलं. मी सांगितलं की अब्बा, तुम्ही चुकता, रोज चुकता, रजबपासून चुकता. एका दमात सांगितलं, थांबले असते तर पुन्हा खोटं बोलले असते.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी ते काहीच विसरलेले नव्हते. "फिर टोकी कायकू नै?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला तकलीफ होत होती.

"वो मेरी थी ना," ते म्हणाले.

सदर उठून गेले. अब्बा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी आयुष्यभर माणसांना तोंडावर खरं बोलून दुखावलं, आणि ज्या एका माणसानं माझ्याकडे खरंच मागितलं होतं त्याला नेमकं तेवढं दिलं नाही. माझ्या दयेनं त्यांचं काहीच वाचलं नाही. वेळेवर टोकत राहिले असते तर त्यांनी स्वतःच सदरांना सांगितलं असतं की माझ्याच्यानं आता होत नाही, दुसरा हाफिज आणा. तो मान त्यांचा होता, तो मी घालवला. गावाचं कुराणही घालवलं. आता यातलं काहीच परत येणार नाही. पुढच्या वर्षापर्यंत त्यांना माझं तोंड तरी ओळखू येईल का, ते डॉक्टरही सांगत नाही.

पहिल्या रोज्याच्या सकाळी ते मशिदीतून आले आणि तख्तावर बसले. मला वाटलं, विसरले असतील. मी कुराण घेऊन समोर जाऊन बसले. त्यांनी हात लांब करून ते माझ्यापुढून उचललं, स्वतःच्या मांडीशेजारी बंद करून ठेवलं आणि मला म्हणाले, तू जा, काम कर. आवाजात राग नव्हता. मी आत गेले आणि कणकेचं भांडं पुढे ओढलं. पहिल्याच पानावर, जे मलाही पाठ होतं, ते चुकले, थोडं थांबले, कुणी काही बोलत नाही असं बघून पुढे म्हणत राहिले.