खिडकी बुजवण्याचा खर्च

गल्लीला काजेवाल्या मावशी पहिल्यांदा दिसल्या त्या भित्तिचित्राच्या दुसऱ्या सभेत. त्याआधी वीस वर्षं त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून, शिंप्यांकडून आलेल्या कपड्यांना हाताने बटणांची काजं करत होत्या. पण एवढ्याशा कारणासाठी कुणी मान वर करून बघत नाही.

सभेत अंदाजपत्रकाचं वाचन चाललं होतं. निमंत्रणपत्रिका, छापून तयार. मंडप. पाहुण्यांची गाडी. चहा. किरकोळ चहा. रंगाचा आकडा चहाच्या खालोखाल होता. त्यानंतर चिटणीसांनी भरभर वाचलं, "खिडकी बुजवणे."

"कुठली खिडकी?" मागच्या रांगेतून मावशींनी विचारलं.

"अहो, कोपऱ्यावरच्या इमारतीची भिंत रंगवतोय ना, तिच्या बरोब्बर मध्ये आहे ती. तिथे साहेबांचा चेहरा येतोय."

साहेब म्हणजे समितीचे अध्यक्ष. चित्राचा विषय होता 'आपली कष्टकरी गल्ली'. साहेबांनी आजवर उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे माइक, पण कष्टांचं प्रतिनिधित्व कुणीतरी करायलाच हवं.

मावशींची खोली एक आणि खिडकीही एकच. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काज दिव्याखाली धड दिसत नाही. खिडकी गेली की कामही गेलं.

"एक ट्यूबलाइट देऊ की तुम्हाला," साहेब उदारपणे म्हणाले. "गल्लीसाठी एवढं करा, मावशी."

मावशी भांडणाऱ्यांतल्या नव्हत्या. सभेला बोलावलेल्या पेंटरकडे त्या वळल्या. "भाऊ, नव्या प्लास्टरवर रंग कधी लावता येतो?"

"महिनाभर तरी वाळायला हवं. नाहीतर पोपडे धरतात."

"आणि उद्घाटन कधी आहे?"

"बारा दिवसांनी," चिटणीस अभिमानाने म्हणाले.

"अगंबाई! म्हणजे पोपडे साहेबांच्या तोंडावरच की हो."

पत्रिका छापलेल्या, पाहुण्यांनी तारीख दिलेली. चेहरा जरा बाजूला घ्यावा, असं पेंटरने सुचवून पाहिलं.

"बाजूला? मग मध्ये कोण?" साहेबांनी विचारलं. खरंच, मध्ये राहण्याचा इतका सराव असलेला दुसरा माणूस गल्लीत नव्हता.

अखेर ठरलं की खिडकी राहू द्यायची, तिच्या लाकडी दारांवरच चित्र रंगवायचं आणि उद्घाटनाला ती बंद ठेवायची. मावशींनी त्या दिवशी सुट्टी घेतली, वीस वर्षांतली पहिली. पाहुणे म्हणाले, चेहरा हुबेहूब उतरलाय.

खिडकी नेमकी ओठांवर येते हे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळ्यांना कळलं. पेंटरला आधीच माहीत असावं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मावशी, निदान मी फिरायला निघतो तेव्हा तरी बंद ठेवा हो!" साहेब खालून ओरडले.

"तेव्हाच तर उजेड चांगला असतो, साहेब."

हल्ली मावशी रोज सातला साहेबांचं तोंड उघडतात आणि संध्याकाळी सहाला मिटतात. तेवढ्या वेळात त्यांची साठ काजं होतात.