सोपो नावाचं अ‍ॅप

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजच्या दारात सॉसची पाकिटं साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर पडतात. परवा बहिणीने सहज विचारलं, "तुझं ते अ‍ॅपचं काम संपलं का गं?" मी एक सांगायला घेतला, त्याच्यामागून दुसरा आला, आणि तिचं चहाचं पातेलं करपलं. पातेलं मी घासून दिलं. आता तुम्ही ऐका, फक्त गॅस बंद करून बसा.

आधी माणसं ओळखून घ्या, फार नाहीत. पणजीच्या एका संस्थेने आम्हाला काम दिलं होतं: पेडणे आणि डिचोलीकडच्या अठरा ते पंचवीस वयाच्या, एकट्या पडलेल्या मुलामुलींसाठी अ‍ॅप करा, त्यांना माणसं जोडून द्या. प्रसाद सर आमचे बॉस, रोज पणजीहून गाडीने येणार आणि आल्या आल्या ग्राफ मागणार. मी डिझाइन करायचे, म्हणजे कुठलं बटण कुठे आणि त्यावर लिहायचं काय. माझं माहेर पेडण्याकडचं धारगळ, त्यामुळे लोकांशी बोलायची कामंही माझ्याच गळ्यात. आणि सर्वेश, आमचा प्रोग्रामर. पोरगा हद्दीपलीकडच्या दोडामार्गचा, पंचविशीतला. वडील इथल्या खाणीवर ट्रक चालवायचे, खाणी बंद पडल्या तसे आईला घेऊन गावी परतले. हा साखळीला भाड्याच्या खोलीत एकटा राहिला.

ऑफिस साखळीजवळ कारापूरला, एका घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण काकी. मुलगा जहाजावर. त्याला मेसेज पाठवायचा तर काकी फोनमध्ये बोलून टाईप करायची, बोटं चालत नाहीत म्हणून. तेही अशा आवाजात, की जहाजाला नेटची गरज पडू नये. तिच्या घरी काय शिजलं ते आम्हाला तिच्या मुलाआधी कळायचं.

पहिल्या दिवशी सर्वेश जिना चढत होता तर काकीने खालून विचारलं, "कोणालो रे तू?" म्हणजे कोणाचा, कुठल्या घरचा. आमच्याकडे नाव नंतर विचारतात.

सर्वेश म्हणाला, "मी इथला नाय, काकी."

"इथलो ना म्हणून काय झालं? कोणालो तरी आसतलोच मरे."

म्हणजे, कोणाचा तरी असशीलच. तो वर आला आणि कॉम्प्युटर चालू करून बसला.

*

सरांनी सांगितलं, आधी सर्व्हे करा. मी धारगळला एका घरी गेले. फॉर्मवर पहिलाच प्रश्न: तुम्हाला एकटं वाटतं का? मुलगा बावीस वर्षांचा, खुर्चीत बसला होता. त्याने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "एकटो? घरात सात माणसां आसत. न्हाणीसुद्धा रिकामी मिळत नाय."

मी पुढचा प्रश्न विचारला: मनातलं कोणाशी बोलता? आई म्हणाली, "त्याच्या मनात काय नाय." आजोबांनी मान हलवून पाठिंबा दिला. मुलगाही हसला. मी 'नाही, नाही, नाही' असा सगळा फॉर्म भरून निघाले.

गेटपाशी स्कूटर चालू करते तोच तो धावत आला. "ताई, तो फॉर्म जरा परत द्या. माझा वेगळा आहे."

त्या दिवशी मला हे काम मनापासून पटलं.

*

अ‍ॅपला नाव मीच दिलं, 'सोपो'. घराच्या दारापुढे बसायला दगडी बाक असतो तो. येणारा जाणारा तिथे टेकतो, दोन गोष्टी बोलतो आणि पुढे जातो. सरांना नाव आवडलं, पण त्यांची एक अट होती. नाव-गाव काही दिसता कामा नये. माणूस निनावी असला की मोकळं बोलतो, असं ते कुठेतरी शिकून आले होते. म्हणून सगळ्यांना टोपणनावं.

पहिली जोडी जुळली. एक 'निळं पाखरू', दुसरा 'शांत वारा'. आम्ही तिघं स्क्रीनला डोळे लावून बसलो. चाचणीतली संभाषणं आम्ही वाचणार, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

पाखराने लिहिलं, "हाय."

वाऱ्याने लिहिलं, "हाय. कुठला?"

"पेडणे."

"पेडण्यात कुठे?"

"देवळाच्या मागे."

"कोणाच्यातलो?"

सातव्या मेसेजला दोघांना कळलं की ते मावसभाऊ आहेत आणि आयांचं पटत नसल्यामुळे नऊ वर्षं भेटलेले नाहीत. आठव्या मेसेजला फोन नंबर गेला. नववा मेसेज आलाच नाही. दोघांनी अ‍ॅप काढून टाकलं, कारण आता ते थेट फोनवर बोलत होते.

सर ग्राफ बघून म्हणाले, "दोन युजर गेले."

मी म्हटलं, "सर, दोन भाऊ मिळाले."

"ते ग्राफमध्ये कुठे दाखवू?"

पुढचे दोन महिने असंच चाललं. जिथे माणसं जुळली तिथे आमचा ग्राफ पडला. शेवटी संस्थेला पाठवायच्या रिपोर्टमध्ये मी एक नवा रकाना घातला, 'आता आमची गरज उरली नाही असे'. सर कुरकुरले, पण ठेवला.

*

मग सर म्हणाले, नुसतं बोलणं नको, प्रत्यक्ष भेट हवी. नियम साधे: दिवसाची वेळ, चार लोक असतील अशी जागा. पहिल्या भेटीला धारगळची एक मुलगी आणि डिचोलीचा एक मुलगा तयार झाले. दोघांना झाडांची आवड, एवढंच जुळलं होतं. जागा ठरली हायवेवरचा चहाचा गाडा. मी लांब बसून बघणार होते.

मुलगी आली तीच चुलतबहिणीला घेऊन. एकटीने मुलाला भेटायला गेली आणि कोणी बघितलं, तर संध्याकाळपर्यंत घरी लग्नाची तारीख ठरेल, ही तिची भीती. चुलतबहिणीने आपला भाऊ आणला होता, भावाने मित्र. मुलगाही तेवढाच घाबरलेला. तो तीन दोस्त, एक वहिनी आणि वहिनीचं बाळ घेऊन आला. बाळ धरून दहाजण झाले. गाड्यावर बाकं दोन.

गाडेवाल्याने सगळ्यांकडे नीट बघितलं आणि मलाच विचारलं, "साखरपुडो कोणाचो?"

तासभर सगळे बोलले, भजी संपली, बाळ झोपलं. ज्यांची भेट होती त्या दोघांना एकमेकांशी जेमतेम चार वाक्यं बोलता आली. दुसऱ्या दिवशी अभिप्राय आला तो चुलतबहिणीच्या भावाचा आणि डिचोलीच्या एका दोस्ताचा. ते दोघे रविवारी मासे गरवायला जाणार होते.

त्यानंतर मी भेटीच्या पानावर एक प्रश्न वाढवला: 'सोबत किती जण?' सगळ्यात जास्त दाबलेलं बटण तेच.

*

मेसेज आला की फोन वाजायला हवा. सर म्हणाले, आवाज असा हवा की ऐकल्यावर आपलं कोणी आलंय असं वाटलं पाहिजे. आम्ही घंटा लावून पाहिली, शीळ लावून पाहिली, पैंजणही लावले. पैंजणांनी मीच दचकले.

सर्वेश सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "पदेराचा भोंगा लावू?"

पदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी त्याचा भोंगा वाजतो, पोंव पोंव, आणि सगळी आळी दारात येते. सरांना कल्पना एकदम पसंत पडली. सर्वेशने खऱ्या पदेराला थांबवून भोंगा रेकॉर्ड केला, त्यासाठी गरज नसताना सहा उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, आणि आवाज अ‍ॅपमध्ये घातला.

चाचणीला आम्ही दुपारी तीन वाजता एकाच वेळी सगळ्यांना मेसेज सोडला. साखळीच्या एका वाड्यावर आमच्याकडे नोंदलेली आठ मुलं होती. आठ घरांत भोंगा वाजला. वाड्यावरच्या बायका झोपेतून उठून पिशव्या घेऊन बाहेर आल्या. पदेर कुठेच नाही. मग, "तुमच्याकडे वाजला की आमच्याकडे?" वरून बोलणं सुरू झालं. पोरं फोन दाखवायला बाहेर आली, तेव्हा त्यातल्या दोन मुलींना कळलं की शेजारच्या घरातल्या मुलानेही हेच अ‍ॅप घेतलंय.

त्यातल्याच एका मुलीने नंतर लिहिलं, "आमच्या दारात इतकी माणसं मी चतुर्थीनंतर पहिल्यांदा बघितली."

सर्वात जास्त शिव्याही त्याच आवाजाला पडल्या. तरी आम्ही तो बदलला नाही.

*

आता एक असा, जो मी बहिणीला सांगताना जरा थांबले होते.

अ‍ॅप तपासायला दोन फोन लागतात. एकावरून मेसेज टाकायचा आणि दुसऱ्यावर पोचला का ते बघायचं. ऑफिसात त्यासाठी दोन जुने फोन होते, 'टेस्ट एक' आणि 'टेस्ट दोन'. ते काम सर्वेशचं. एकदा स्क्रीनवर अक्षरं कापली जातात का बघायला मी 'टेस्ट दोन' उघडला. आमच्याकडे तपासणीचे मेसेज म्हणजे 'अबक', 'हॅलो हॅलो', '१२३'. इथे भलतंच होतं.

"जेवलास?"

"हो. तू?"

"नाही अजून. भात लावलाय."

"आज काय केलं?"

"काही नाही. काम. सुट्टी आहे उद्या."

"मग?"

"मग काय. काही नाही."

असे तीन महिने. रोज. दोन्हीकडून सर्वेशच.

 पेडणे पालथं घातलं, डिचोली पालथी घातली, ग्राफ काढले, आणि ज्याच्यासाठी हे अ‍ॅप होतं तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होता आणि दुपारी जिन्यावर एकटा डबा खात होता. मला माझीच लाज वाटली. मी फोन होता तसा ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जिन्यावर जाऊन बसले, तर तो बिचारा अवघडून म्हणाला, "ताई, काही चुकलं काय कोडमध्ये?"

म्हटलं, "नाही रे. भेंडी घे."

त्याने घेतली. मग त्यानेच सांगितलं की त्याला बंगळूरच्या कंपनीचं पत्र आलंय. आमचं काम महिनाअखेर संपत होतं. पुढे अ‍ॅप चालवायला संस्था माणूस ठेवणार होती आणि सरांना तो सर्वेशच हवा होता. पण बंगळूरला सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"जातोस?" मी विचारलं.

"इथे राहून तरी कोण आहे, ताई?" तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, पाऊस थांबला म्हणावं तसं. मला राहा म्हणायचं होतं. पण कशाच्या जोरावर म्हणू? नुसत्या भेंडीच्या?

*

आणि आता शेवटचा.

वरच्या खोलीतला प्लग सैल होता, म्हणून टेस्टचे फोन आम्ही खाली काकीच्या फ्रिजवर चार्जिंगला लावायचो. एरवी दोन्ही फोन खोलीवर नेणारा सर्वेश त्या शनिवारी फक्त 'टेस्ट एक' घेऊन गेला आणि 'टेस्ट दोन' फ्रिजवरच विसरला. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने, सवयीनेच म्हणा, लिहिलं, "जेवलास?"

कारापूरला काकीच्या फ्रिजवर पदेराचा भोंगा वाजला. अकरा वाजता कुठला पदेर? काकी पिशवी घेऊन दारापर्यंत गेली, परत आली. मेसेज उघडला नाही म्हणून पुन्हा भोंगा. शेवटी तिला फ्रिजवरचा फोन उजळलेला दिसला. त्या फोनला कुलूप नव्हतं, आणि असतं तरी काकी थांबली नसती.

सर्वेश सांगतो, आपण विचारलं तर उत्तर आपणच द्यायचं असतं, आणि त्या दिवशी ते समोरून आलं.

स्क्रीनवर होतं, "कोण रे तू? कोणालो?"

 त्याने लिहिलं, "मी सर्वेश. वरच्या ऑफिसातला."

लगेच त्याच्या खोलीत पुन्हा भोंगा वाजला.

"मागीर विचारता कित्याक? यो. पेज निवता." म्हणजे, मग विचारतोस कशाला, ये, पेज गार होतेय.

साखळीहून कारापूर चालत वीस मिनिटं. तो बारा मिनिटांत पोचला, असं काकी म्हणते. पेज उकड्या तांदळाची होती, सोबत मिठातली कैरी आणि भाजलेला सुका बांगडा. दोन वाट्या आधीच मांडलेल्या होत्या.

सोमवारी प्रसाद सर आले, बॅग ठेवली आणि ग्राफ न मागता सर्वेशच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"कळवायचा आज शेवटचा दिवस ना? बंगळूरला काय कळवलंस?"

सर्वेश स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "अजून काय नाय, सर. काकीला विचारून सांगतो."