वाक्य पुरं होईपर्यंत

"आकड्यावर जाऊ नका, मॅडम," असं म्हणून मामा आधी हात पँटला पुसायचे आणि मग लॅपटॉपवर तळवा ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बॅटरी साठ टक्के आहे असं स्क्रीन सांगत असली तरी त्यांना ते पटत नसे. "साठ म्हणतोय. खरं किती हाय ते बघू."

इंदापूरच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅबचे शिपाई होते. तुमच्याही शाळेत, ऑफिसात असा एखादा मामा असेल. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नसतं. मी तिथे कॉम्प्युटर शिकवायला बारामतीहून रोज एसटीने यायची, ते वरकुट्याहून मोटरसायकलवर. मी पोचेपर्यंत लॅब झाडून, खिडक्या उघडून तयार असायची. एसटीच्या वेळापत्रकाबद्दलही त्यांचं तेच मत होतं. "सव्वापाच लिवलंय. आकड्यावर जाऊ नका, च्या घ्या."

सुरुवातीला मात्र त्यांना लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं. फडकं मारतानासुद्धा ते जरा लांबूनच मारायचे. मग एका दुपारी वर्गातल्या मुली गेल्यावर ते दारातच किल्ल्यांचा जुडगा फिरवत उभे राहिले.

"मॅडम, लॅपटॉप बोलतो का हो?"

"म्हणजे?"

"म्हंजे आपण लिवायचं आन् त्यानं मोठ्यांदा म्हणायचं. आमच्या मंडळींची वाचा गेलीय."

मामी गावात अंगणवाडी चालवायच्या. पोरांना गाणी शिकवणारी बाई. आधी त्यांची जीभ जड झाली, मग शब्द बोबडे झाले, मग आवाजच बंद झाला. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू विझत जाणारा आजार आहे, हातपायही जातील. आठ महिने मामी डोळ्यांनीच बोलत होत्या. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. उजव्या हाताचं एक बोट अजून चालत होतं. मोबाइलवरची बारीक अक्षरं त्या बोटाला सापडत नव्हती. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं तिचा जुना लॅपटॉप पाठवला होता, म्हणून मामांचा तो प्रश्न.

पुढच्या रविवारी मी वरकुट्याला गेले. की-बोर्डवर मराठी अक्षरं चिकटवली, लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय बसवली. मामींनी बोट उचललं. एकेक अक्षर शोधत दहा मिनिटं गेली. मामा मागे उभे. मग लॅपटॉपमधून शहरी वळणाचा एक बाईचा आवाज म्हणाला, "तुमची आमटी लई खारट असती."

मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. "आठ म्हयनं गप खाल्लीस व्हय गं?"

त्यानंतर रोज सकाळी मला बातमी मिळायची. "काल मामी म्हणाली, दाढी करा, डाकू दिसताय." "काल म्हणाली, शेजारच्या सुनेला माझं हिरवं लुगडं द्या." मामा ही वाक्यं एखाद्याच्या घरी बारसं झाल्यासारखी सांगायचे.

अडचण बॅटरीची होती. गावात वीज केव्हाही जाते. बॅटरी चाळीस टक्के दाखवायची आणि पटकन मरायची. मामींचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. एकदा नुसतं "मला" एवढंच लिहून झालं आणि स्क्रीन काळी. वीज येईपर्यंत मामा त्यांना विचारत राहिले, मला काय? भूक लागली? दुखतंय? वीज आल्यावर कळलं, मामींना मोगऱ्याला पाणी घालायची आठवण करायची होती.

त्या मॉडेलची अस्सल बॅटरी बारामतीत मिळेना. दुसरी बसवली ती फुगली. शेवटी मी मामांना कॅलिब्रेशन शिकवलं. बॅटरी शंभर टक्के भरायची, तशीच दोन तास ठेवायची. मग चार्जर काढून ती पूर्ण उतरेपर्यंत चालवायची. आपोआप बंद पडली की चार-पाच तास हात लावायचा नाही. नंतर पुन्हा एका दमात पूर्ण भरायची. मामांनी त्याला नाव दिलं, लॅपटॉपचा उपास.

पहिल्या उपासानंतर ते धावतच लॅबमध्ये आले. "मॅडम, आता चाळीसवर मरत न्हाय. धा झालं की सांगतो, मग मरतो."

"म्हणजे ताकद वाढली, मामा."

त्यांनी मान हलवली. "ताकद तेवढीच हाय. आधी खोटं सांगत व्हता, आता खरं सांगतोय. आमाला तेवढं बास. तिचं वाक्य पुरं व्हतं."

इतकं नेमकं मला वर्गातही सांगता आलं नव्हतं. हळूहळू प्राध्यापक मंडळी आपापले लॅपटॉप मामांकडे देऊ लागली. लोणी देवकरच्या कारखान्यातला एक इंजिनिअरसुद्धा येऊन गेला. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी मामींच्या लॅपटॉपचा उपास असायचा. त्या मधल्या चार-पाच तासांत मामी मुक्या व्हायच्या, म्हणून मामा समोर स्टूल टाकून बसायचे आणि कॉलेजातल्या सगळ्या गोष्टी त्यांना सांगायचे. माझ्या नकलाही करायचे म्हणे.

तो रविवार असाच होता. माझ्याकडे पाहुणे आले होते, गॅसवर पुऱ्यांचं तेल तापलं होतं. दीडच्या सुमारास फोन वाजला.

"मॅडम, मामी कायतरी सांगाया बघतीय. पाणी न्हाय, कूस न्हाय, पोरीला फोन न्हाय. सगळं इचारलं. मोडू का उपास?"

मी मोबाइल खांद्याने कानाशी दाबून पुरी लाटत होते. म्हणाले, "दोनच तास राहिलेत, मामा. आत्ता चालू केलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. थोडं थांबा."

"बरं. सांगतो तिला."

सव्वातीनला मामी गेल्या. श्वासाच्या स्नायूंनी अचानक साथ सोडली. लॅपटॉप फळीवर बंद होता.

पहिल्यापासून करावं लागलं असतं, एवढंच. दुसऱ्या रविवारी केलं असतं. आणि साध्या कागदावर बाराखडी लिहून त्यावर मामींचं बोट ठेवायला सांगता आलं असतं, हे मला त्या रात्री सुचलं. कॉम्प्युटरची शिक्षिका मी.

मामींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मामा कामावर आले. मी त्यांना लॅबच्या मागे गाठलं. तोंडातून "मामा, मी..." एवढंच निघालं.

त्यांनी हात वर केला. "तुमी जे सांगितलं ते बराबर व्हतं. मी चालू केला असता तर कोण अडवणार व्हतं? हात माझा व्हता, मॅडम." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मी तिला म्हणलं, साडेतीनला सांग. तिनं एकदा डोळं मिटलं. हो म्हणाली ती. शहाणी व्हती."

त्यांनी मला दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो कधीच दिला नाही. लोकांचे लॅपटॉपही ते घेत राहिले, फक्त घेताना विचारायचे, "ह्याची कुणाला नड न्हाय ना?" मुली हसायच्या. "अहो मामा, नुसते सिनेमे बघते मी ह्याच्यावर." मी तेव्हा फळ्याकडे वळायची, फळा पुसलेला असला तरी पुन्हा पुसायची.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं. तिथे ते फार दिवस राहिले नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात मुलीचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. आमची शेवटची भेट इंदापूरच्या स्टँडवर झाली, ते पुण्याला निघाले त्या दिवशी.

मी त्यांना पोचवायला गेले होते. एक पिशवी, एक पत्र्याची ट्रंक. ते खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली आणि फलाटावरून मागे सरकू लागली, तेव्हा त्यांनी काच ओढली आणि ओठ हलवले. इंजिनच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. गाडी वळण घेऊन फाटकाकडे निघाली.

मी धावले. त्या वयात, साडी नेसून, भर स्टँडात. गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. लोक बघायला लागले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, कंडक्टरने दारातून डोकं काढलं. "बाई, मरायचंय का?"

मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. धाप लागली होती. "काय म्हणालात, मामा?"

मी का धावले ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले.

"काय न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "ऊन लागतंय, घरी जावा म्हणलं."