दोन तास आत ठेवायचं औषध

कॅन्सर आहे हे डॉक्टरांनी मला सांगितलं, बाबांना नाही. बाबा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

डॉक्टर मद्रासकडचे. इंग्रजी भरभर बोलायचे, हिंदी मोडकी. मूत्राशयात गाठ होती, वरच्याच थरात, पण पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या जातीची. सांगून झाल्यावर त्यांनी बाबांकडे मान केली. "टेल हिम."

मी लहानपणापासून नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, बोर्डिंगात शिकले. ब्लॅडर, युरिन हे शब्द मला सहज बोलता येत होते. नांदुऱ्याला कापसाची दलाली करणाऱ्या माझ्या वडिलांसमोर 'लघवी' म्हणणं मात्र जमेना.

"पोटात खाली गाठ आहे, बाबा. औषध आहे त्यावर."

"हाव," एवढंच म्हणून त्यांनी टोपी सारखी केली.

लघवीतून रक्त जातंय हे त्यांनी उन्हाळाभर लपवलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून लपवता आलं. शेवटी आईला मोरीत दिसलं. तुमच्या घरी कोणाला असं रक्त दिसलं, तर दुखायची वाट बघू नका.

आधी सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून आत बघणं. तशाच दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. मग बीसीजी सुरू झालं. दंडावर देतात तीच टीबीची लस. तिच्यातले दुबळे केलेले जिवंत जंतू नळीने मूत्राशयात सोडतात. त्यांना हुसकायला शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी तिकडे धाव घेतात आणि कॅन्सरच्या पेशींनाही मारतात. याला इम्युनोथेरपी म्हणतात.

मी हे सांगितल्यावर बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे पहारेकरी आपलेच, पण झोपलेले. खोटा चोर धाडून त्याईले उठवाचं."

डॉक्टरांना मी ते इंग्रजीत सांगितलं. ते खूश झाले.

दर आठवड्याला एक, असे सहा डोस होते. नळी घालताना मला बाहेर पाठवत. औषध दोन तास आत धरून ठेवायचं आणि दर पाव तासाने कूस बदलायची, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. नंतर बसूनच लघवी करायची आणि जंतू मरावेत म्हणून संडासात ब्लीचिंग पावडर टाकायची.

दुसऱ्या डोसला बाबा अर्ध्या तासात उठून संडासाकडे गेले. तिसऱ्यालाही तेच झालं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नर्सने डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. औषध आत टिकलं नाही तर गाठी परत येतील, मग मूत्राशयच काढावं लागेल आणि पोटाला पिशवी लावावी लागेल. पुन्हा तेच, "टेल हिम."

चौथ्या डोसला मी स्टूल कॉटजवळ ओढलं. "बाबा, लघवी दोन तास धरायची. नाही धरली तर लघवीची आतली पिशवीच काढावी लागेल." माझे कान तापले होते.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "जळते, बाई. तुह्यासमोर कसं सांगू?"

शेजारच्या कॉटवर खामगावचे मोमीनचाचा होते, रजया भरणारे. त्यांचा आजार स्नायूपर्यंत गेला होता, म्हणून त्यांचं मूत्राशय काढलेलं. त्यांनी सदरा वर करून पोटावरची पिशवी दाखवली.

"काऊन हो शेटजी? मले पाहा न! भिश्त्यावाणी पखाल बांधून हिंडतो. पोरीले लाजता, अन् हे बांधाले नाही लाजनार?"

बाबांना हसू फुटलं आणि लगेच कळ आली. "हासवू नका हो!"

"मंग बोलत राहा. बोलन्यात कळ इसरते माणूस."

 मग मीच बोलू लागले. चाचांना आधी बाबांचे झोपलेले पहारेकरी सांगितले. आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं, की तिकडे रोग्याच्या रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत वाढवून ताकदवान करतात आणि परत त्याच्याच अंगात सोडतात. चाचांसाठी मी डॉक्टरांना त्याबद्दल विचारलंही होतं. ते म्हणाले होते, तिथेही अजून प्रयोगच चाललेत, रोग्याला फार सोसावं लागतं. इथे नाही. तुझ्या हयातीत कदाचित.

 चाचा छताकडे बघत म्हणाले, "म्हंजे घरचेच पहारेकरी दूर धाडाचे, शिकवून वापस आनाचे. शेटजी, तुमच्या पोरीवाणीच झालं हे."

 बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच चाचांना सांगू लागले.

"धाडलं तं खरं. पुढच्याच ऐतवारी मी हिले पाहाले आलो होतो. गेटवरची बाई म्हने, महिन्यातून एकच भेट. मंग समोरच्या झाडाखाली उभा राह्यलो. ही दोरीवरच्या उड्या मारून राह्यली होती. घंटा झाली, आत गेली. मी गाडी धरली. असा लय वेळा आलो."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. कितीतरी रविवार मी त्या गेटकडे डोळे लावून काढले होते. ते झाडाखाली उभे असताना मी कुठे बघत होते?

"बाबा, कूस बदला," मी म्हणाले. ते माझ्याकडे तोंड करून वळले.

त्या दिवशी दोन तास पुरे झाले. पुढच्या दोन्ही डोसांना ताप आला, जळजळ झाली, पण ते उठले नाहीत. ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले.

नंतरच्या तपासणीत मूत्राशय स्वच्छ निघालं. ते काढायची गरज नव्हती. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी मात्र चुकवायची नव्हती. मी चाचांच्या कॉटपाशी आनंदाची बातमी सांगायला गेले, तर आता इलाज नाही म्हणून त्यांना खामगावला घरी नेलं होतं. त्या पेशींचं औषध आपल्याकडे लवकर यावं असं मला वाटतं, तेव्हा मला तेच आठवतात.

घरी आल्यावर बाबा पुन्हा गप्प झाले. सकाळी बाजार, संध्याकाळी रेडिओ. पुन्हा डोस लागू नये अशी मी प्रार्थना करते, आणि त्या कॉटजवळच्या स्टुलासाठी जीव तुटतो. हे दोन्ही खरं आहे.

परवा मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतंच. आपल्या भाषेत, सरळ विचारलं, "बाबा, लघवीला जळजळ होते का? रक्त दिसतं का?"

"नाही, माय," ते म्हणाले. मग त्यांनी रेडिओ बंद केला. "बस जराशी."